हॉलिसबाईंचा रविवार

पहिल्या मोठ्या लढाईत माझे वडील मजुरांच्या पलटणीत नाव घालून मंद्रूपहून बसऱ्याला गेले. पहिल्या वर्षी त्यांची दोन कार्डं आली, नंतर काहीच आलं नाही. ते आले नाहीत, आणि ते गेल्याचा कागदही आला नाही. त्यामुळे आईला सवाष्ण म्हणायचं की विधवा, हे भावकीला ठरवता येईना. तिनं कुंकू लावलं की एक जाऊ बोलायची, नाही लावलं की दुसरी. आम्हा दोघींच्या वाट्याला कण्या यायच्या, त्याही सगळ्यांचं जेवण उरकल्यावर. दोन वर्षं आईनं हे सोसलं. मग एका बाजारच्या दिवशी तिनं डोक्यावर गाठोडं घेतलं, माझा हात धरला आणि सोलापूरची वाट धरली. वडकबाळला सीना नदी उतरताना मी मागं वळून बघत होते, तर म्हणाली, "भागे, म्होरं बघ. मागं बघण्याजोगं काय न्हाय."

सोलापुरात मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात तिला पाणी भरायचं काम मिळालं. विहीर खोल होती आणि उन्हाळ्यात आणखी खोल जायची. आई पोहरा ओढायची, मी घागर धरायची. आम्ही राहायचो विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत. माझं वय तेव्हा आठ-नऊ असेल. अक्षर म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याची लाजही कुणाला वाटत नव्हती. लाज वाटायला आधी ठाऊक तर व्हायला हवं.

त्या बोर्डिंगच्या मुख्य हॉलिसबाई. अमेरिकेतून तरुणपणी आल्या आणि सोलापुरातच म्हाताऱ्या झाल्या. उंच, काटकुळ्या, उन्हानं विटकरी झालेल्या. बरोबर ग्रीनबाई, त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी धाकट्या, अंगानं भरलेल्या आणि हसऱ्या. दोघी तीस वर्षं एका बंगल्यात राहिल्या आणि तीस वर्षं खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर त्यांचं एकमत झालं नाही.

हॉलिसबाईंनी मराठी एका पुण्याच्या शास्त्र्याकडून शिकलेलं. ते त्यांनी तसंच जपलं होतं. कोंबडीला हाकलतानासुद्धा त्या म्हणत, "आपण येथून जावे." टांगेवाला दस्तगीर मुद्दाम विचारायचा, "बाईसाब, घोड्याला आप म्हनू की तुम?" बाई गंभीरपणे सांगत, "घोड्याला तू म्हटले तरी चालते. चाबकाला मात्र विश्रांती द्यावी."

मला शाळेत घालायचं त्यांनी आईजवळ काढलं, तेव्हा आईनं सरळ सांगितलं, "पोरगी शाळंत बसली तर घागर कोन धरंल? तुमी?"

"होय," बाई म्हणाल्या.

आईला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायला बाई विहिरीवर हजर. पायघोळ झगा गुडघ्याशी खोचलेला, डोक्याला फडकं. पोहरा वर आला की त्या घागर धरायच्या, निम्मं पाणी घागरीत आणि निम्मं बुटात. आई रडकुंडीला आली. "अवो, लोक काय म्हनत्याल मला? मडमेकडनं पानी भरून घेती म्हनत्याल."

"लोकांना सांगावे की मडम शिकत आहे."

आठ दिवस त्या आल्या. नवव्या दिवशी आईनं मला फणी फिरवली, हात धरून पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं आणि मास्तरणीला म्हणाली, "घ्या. मला लाज न्हाय ऱ्हायली." माझ्या शिक्षणाची सुरुवात अशी झाली. पुढं कुणी विचारलं तर मी हेच सांगते, आईच्या लाजेपायी मी शिकले.

बाईंनी मला ख्रिस्ती करायचा प्रयत्नच केला नाही, असं मी म्हणणार नाही. केला. पण एकदा मी नाही म्हटल्यावर त्या विषयाचा त्यांनी माझ्या मार्कांशी संबंध येऊ दिला नाही. हे मी लिहून ठेवते, कारण उलट सांगणारे पुष्कळ भेटतात.

त्यांचा खरा हट्ट एकच, रविवार, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ. रविवारी बंगल्यात चूल पेटत नसे. शनिवारी रांधलेलं गार अन्न रविवारी खायचं. टांगा जोडायचा नाही, आगगाडीत बसायचं नाही, पोस्टात कार्डसुद्धा टाकायचं नाही. कारण विचारलं की सांगत, "मी गाडीत बसले तर कोणी तरी कोळसा टाकतो. मी पत्र टाकले तर कोणी तरी पिशवी उचलतो. माझ्यामुळे त्या दिवशी एकाही माणसाचे खांदे दुखू नयेत." दस्तगीर हसायचा, "बाईसाब, मैं तो जुम्मे कू छुट्टी लेता. इतवारी बसून काय करू?" बाई त्याला रविवारी घरी पाठवीत आणि उन्हातून दीड मैल चालत त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये जात. आमची आई मात्र रविवारी पिठलं करून, पदराखाली झाकून ग्रीनबाईंना नेऊन द्यायची. ग्रीनबाई ते मागल्या दारी उभ्यानं खायच्या. हॉलिसबाईंना हे ठाऊक होतं. त्या दिवशी त्या मागल्या दाराकडं फिरकत नसत.

मी मॅट्रिक झाले आणि बोर्डिंगच्याच शाळेत धाकट्या वर्गांना शिकवू लागले. पुढं शिकायचं तर पुण्याला, आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचं. दीड वर्ष गेलं. अशात पावसाळा सरता सरता पुण्याच्या एका कॉलेजचं पत्र आलं. दिवाळीनंतरच्या सत्रासाठी मुलींची एक मोफत जागा रिकामी झाली होती. सोमवारी सकाळी दहाला परीक्षा. उमेदवाराच्या वडिलांनी स्वतः येऊन प्राचार्यांपुढं सही करायची; वडील नसतील तर शाळेच्या मुख्यांनी. परीक्षा चुकली तर जागा दुसरीला. माझे वडील होते की नव्हते, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. म्हणून हॉलिसबाई यायच्या ठरल्या, आणि त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून ग्रीनबाई. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघायचं, संध्याकाळी पुणं, रविवारी स्वस्थ बसायचं, सोमवारी परीक्षा. बाईंनी हे सगळं कागदावर लिहून भिंतीला टाचलं होतं.

गुरुवारपासून पाऊस लागला. सोलापूरला पाऊस म्हणजे पाहुणा, आला तरी टेकत नाही. पण हा बसला तो उठेना, आणि शुक्रवारी त्याला वारं मिळालं. तारेचे खांब वाकले, बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचे पत्रे उडून विहिरीत पडले. शनिवारी गाडी सुटली ती तीन तास उशिरा, आणि बैलगाडीच्या चालीनं जात जात माढ्याच्या स्टेशनात थांबली. पुढच्या ओढ्यावर पाणी रुळांना लागलं होतं. एवढी जड गाडी पुलावर घालायला ड्रायव्हर तयार नव्हता.

माढ्याचं स्टेशन गावापासून लांब. तिथं एक खोली, एक पडवी आणि चहूकडं पाणी. पडवीत शंभरेक माणसं. हॉलिसबाईंनी पाच मिनिटांत संसार मांडला. वळकटी सोडली, दोरी बांधून ओले कपडे टाकले, स्टो पेटवून पाणी उकळलं आणि लेकुरवाळ्या बायांना वाटलं. ग्रीनबाई एका रडत्या पोराला मांडीवर घेऊन कागदाची टोपी करून देत होत्या. मी भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते. एक प्रमेय मी अकरा वेळा वाचलं आणि अकराही वेळा ते डोक्यात शिरलं नाही.

आमच्या शेजारी दुधनीचे एक आडते होते, शिवलिंगप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा. पुण्याला लेकीकडं बारशाला निघाले होते. भाकरीचं गाठोडं बरोबर होतं, पण आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाणीही घेत नसत आणि चिखलात आंघोळीची सोय होत नव्हती. सकाळपासून उपाशी. तरी बडबड चालू.

"काय बाई, तुमच्या गावात असला पाऊस येतो का?"

"आमच्या गावात बर्फ पडतो. छपरापर्यंत."

"अबाबा. मग हितं कशाला आलाव ते कळलं."

चार वाजायला आले तेव्हा स्टेशनमास्तर धावत आले. एक इंजिन आणि एकच डबा पुढं न्यायची परवानगी मिळाली होती. कुर्डूवाडीला दुसरी गाडी मिळेल. पाणी आणखी चढायच्या आत निघायचं.

"पुण्यास केव्हा पोहोचू?" बाईंनी विचारलं.

"पहाटे दोन, तीन."

बाईंनी घड्याळ पाहिलं. रात्री बाराला रविवार लागतो. "आम्ही येणार नाही," त्या म्हणाल्या. "पाऊस उतरतो आहे. उद्या दिवसभर पाणी ओसरेल. उद्या मध्यरात्रीनंतरची पहिली गाडी आम्हांला सकाळी पुण्यास नेईल." त्यांनी बोटांवर तास मोजले. हिशेब बरोबर येत होता.

ग्रीनबाई इंग्रजीत काही बोलल्या. हॉलिसबाईंनी मान हलवली.  बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. डबा भरला आणि गेला. शिवलिंगप्पांना तेवढ्यातच कुणी तरी दोन बादल्या पाणी दिलं होतं. ते आंघोळ करून पडवीच्या कोपऱ्यात डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसले होते. लोकांनी हाका मारल्या, ते हलले नाहीत. पूजा आटोपून त्यांनी डोळे उघडले तेव्हा इंजिनाचा धूर तेवढा दिसत होता. "होगली," ते कानडीत म्हणाले. गेली तर जाऊ दे. आणि भाकरीचं गाठोडं सोडलं. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आम्हा तिघींनाही दिली.

रविवारी सकाळी ऊन पडलं आणि बातमी आली, पहाटे ओढ्यावरचा पूल गेला.

नऊच्या सुमाराला लाईनवरचा इन्स्पेक्टर आला. चिखलानं मांड्यांपर्यंत भरलेला. त्यानं सांगितलं, दहा वाजता खडीची गाडी ओढ्यापर्यंत जाईल. ओढा उतरून पलीकडं गेलं तर तिथं कुर्डूवाडीचे दोन डबे उभे आहेत, ते लोकांना पुण्याच्या गाडीला गाठून देतील. ज्यांना यायचं त्यांनी खडीवर बसावं. त्यानंतर उद्या दुपारपर्यंत काही नाही.

उद्या दुपारी माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसलेली असणार होती.

हॉलिसबाई वळकटीवर ताठ बसल्या होत्या. मांडीवर बायबल, मिटलेलं. ग्रीनबाई त्यांच्यापुढं उभ्या. या खेपेला त्या मराठीत बोलल्या, मला कळावं म्हणून असेल. "हॅरिएट, विहिरीत बैल पडला तर शब्बाथ दिवशी काढावा, असे लिहिले आहे."

"भागीरथी बैल नाही."

"नाही. म्हणून तर."

बाई वळकटीवरून उठल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. खोटं कशाला लिहू? ज्या बाईनं माझी घागर धरली तिचा मला अतोनात राग आला, आणि राग आला म्हणून रडूही आलं. मी पुस्तक पिशवीत कोंबलं.

शिवलिंगप्पा हे सगळं ऐकत होते. ते उठून बाईंच्या समोर येऊन मांडी घालून बसले.

"बाई, मी एक बोलू का?"

"बोलावे."

"तुमचा नेम हाय, माझाबी हाय. काल मी पूजंला बसलो, माझी गाडी गेली. आज बारसं हाय, नातवाच्या कानात नाव घालताना मी न्हाय. लेक रुसंल. रुसू दे, माझा नेम, माझी लेक, मी बघून घेतो." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही कुनाची?"

"एका पाणी भरणाऱ्या बाईची."

"मग? नेम आपल्या अंगावर घ्यायचा असतो, बाई. दुसऱ्याच्या लेकीच्या अंगावर टाकायचा नसतो."

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ती खडीची गाडी," त्यांनी इन्स्पेक्टरला विचारलं, "आम्ही नसलो तरी जाणार आहे काय?"

"जाणारच, मॅडम. खडी पोचवायची आहे."

"तेवढ्याने माझे समाधान होत नाही," त्या म्हणाल्या. "पण भागीरथी, वळकटी बांध."

सहासष्ट वर्षांच्या हॉलिसबाई आणि त्रेसष्ट वर्षांच्या ग्रीनबाई खडीच्या ढिगावर बसून निघाल्या. शिवलिंगप्पांनी त्यांना हात देऊन वर चढवलं. ग्रीनबाईंना चढवताना त्यांना आणखी दोन माणसं बोलवावी लागली, आणि सगळ्यात जास्त त्याच हसल्या.

ओढा म्हणजे तेव्हा नदीच होती. रूळ हवेत लोंबत होते. पलीकडच्या शिवारातल्या लोकांनी गुऱ्हाळाची काहील आणली होती. ज्या लोखंडी कढईत उसाचा रस आटवतात ती. चार माणसं आरामात बसतील एवढी. ती पाण्यावर सोडायची, दोरीनं ओढायची आणि दोघांनी पोहत ढकलायची. पहिल्या खेपेला बाया. आम्ही तिघी बसलो, मधे पेटी. ढकलणाऱ्यांतला एक म्हातारा होता, पाण्यावर त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. ते डोकं म्हणालं, "मडमबाई, अजाबात हलू नगा. कलंडली तर समद्यांचा गूळ व्हईल."

धारेच्या मधोमध काहील स्वतःभोवती फिरायला लागली. आधी माढ्याकडं तोंड, मग पुण्याकडं, मग पुन्हा माढ्याकडं. ग्रीनबाईंनी डोळे मिटून माझा हात धरला. हॉलिसबाई उघड्या डोळ्यांनी त्या म्हाताऱ्याच्या खांद्यांकडं बघत होत्या. ओढा उतरेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

काठाला लागल्यावर त्या त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. "मी आज आपणांस काम लावले. मला क्षमा असावी."

म्हातारा धोतर पिळत होता. "काम कुटलं बाई? पवनं हाय हे. लहानपनापासनं पवतो की."

कुर्डूवाडीच्या पुढं गाडी नीट चालायला लागली तेव्हा बाईंनी मला समोर बसवलं. "भागीरथी, काल चार वाजता माझी चूक झाली. मी घड्याळ पाहिले, तुला पाहिले नाही. आजच्याविषयी मी देवाशी बोलेन. कालच्याविषयी तुझ्याशी बोलले पाहिजे."

 सोलापुरात कुणी वडीलधारं माणूस माझ्याशी असं बोललं नव्हतं. मी म्हटलं, "व्हय बाई." एवढी मॅट्रिक झालेली, पण तोंडातून व्हयच आलं.

दिवेलागणीला पुणं आलं. दुसऱ्या दिवशी बाई चिखलाचे डाग पडलेल्या झग्यातच प्राचार्यांपुढं उभ्या राहिल्या आणि वडिलांच्या जागी त्यांनी सही केली. मी पेपर लिहून बाहेर आले तेव्हा त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या जागी झोपल्या होत्या. चिखलाचे बूट काढून ठेवले होते. पाय सुजले होते. मी त्यांना उठवलं नाही, जवळ उभी राहिले.

जागा मला मिळाली. सोलापूरला परतल्यावर बाईंनी स्वतःच मिशनच्या मंडळींना पत्र लिहून कळवलं की, अमुक रविवारी मी प्रवास केला. मंडळींचं काय उत्तर आलं ते आम्हाला कळलं नाही. त्यांचा रविवार पुन्हा पूर्वीसारखा कडक झाला, आणि ग्रीनबाईंचं पिठलंही चालू राहिलं. आईला सगळी हकिकत सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या मडमेनं तुज्यासाटी आपल्या देवाचा नेम मोडला. तू नापास हून घरी आलीस तर मी दार उघडायची न्हाय."

दोन-तीन वर्षांनी दोघी कायमच्या मायदेशी निघाल्या. मुंबईला जाणारी त्यांची गाडी पुण्यावरून जायची, म्हणून मी स्टेशनवर गेले. गाडी थोडाच वेळ थांबली. ग्रीनबाई दारातूनच रडायला लागल्या. हॉलिसबाईंनी खिडकीतून विचारलं, "सध्या काय वाचतेस?" मी सांगितलं. "ते कठीण आहे," त्या म्हणाल्या. "दोनदा वाच." एवढ्यात शिट्टी झाली. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागल्या. चष्म्यावाचून त्यांना चार हातांपलीकडचं दिसत नसे. गाडी हलली तशी त्यांनी हात वर केला आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर पेरूची पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईला बघून हलवत राहिल्या. त्या बाईनंही पाटी सावरत हात हलवला. मी हाक मारली नाही.

त्यानंतरच्या वर्षी मी बी.ए. झाले. मंद्रूपच्या आमच्या भावकीत, बायकांत आणि पुरुषांतही, मी पहिली. सोलापुरात मला शाळेत नोकरी मिळाली आणि त्या महिन्यापासून आईनं पाणी भरणं सोडलं.